बाई, लिंबू तेलात मिसळलं नाही

नमस्कार बाई. (तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंत असं लिहिलंय तुम्ही, त्यामुळे मॅडम म्हणायला जीभ वळत नाही.)

'क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणून पेशीत सहज शिरतं' या माझ्या लेखातल्या वाक्याला तुम्ही प्रतिक्रियेत शून्य मार्क दिलेत. शून्य मान्य. काल रात्री वाटीत शेंगदाण्याचं तेल घेऊन त्यात लिंबू पिळलं. रसाचे थेंब गोळे होऊन तळाशी बसले, चमच्याने ढवळलं तरी पुन्हा तिथेच. प्रद्रव्यपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, गाभा असाच स्निग्ध असतो, आणि रक्तात क जीवनसत्त्व जवळजवळ सगळं ऋण प्रभार घेऊन फिरतं, जो त्याला स्निग्ध थरात शिरू देत नाही. म्हणजे पाण्यात विरघळणं हीच त्याची अडचण आहे. मी नेमकं उलटं लिहून बसलो.

क जीवनसत्त्व पेशीत शिरणं म्हणजे दादरला लोकलची गर्दी मोकळ्या डब्यात शिरणं, या माझ्या उपमेबद्दलही तुमचं बरोबर. गर्दीकडून मोकळ्या जागेकडे जाणं हे विसरण झालं. क जीवनसत्त्व तर गच्च डब्यात शिरतं: मेंदूतल्या चेतापेशींमध्ये ते रक्तद्रवाच्या शंभर पटींहूनही जास्त साठलेलं असतं. पण दादरची उपमा मी सोडणार नाही, फक्त दुरुस्त करतो. पेशीबाहेर सोडियम लिटरमागे साधारण १४० मिलिमोल, आत १०-१५, त्यामुळे सोडियमला आत घुसायची घाई. दारावरचं एसव्हीसीटी नावाचं प्रथिन दोन सोडियम आणि एक क जीवनसत्त्व असं त्रिकूट आत घेतं. दोन धिप्पाड माणसं डब्यात घुसताना मध्ये सापडलेला काडीपहिलवान आपोआप आत जातो ना, तसं. हे फुकटात होत नाही. आत आलेलं सोडियम बाहेर काढायला पंप सतत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळत असतो, ते बिल पेशी भरते.

या प्रथिनाचे दोन प्रकार १९९९ मध्ये ओळखले गेले. पहिला मुख्यतः आतडं आणि मूत्रपिंडात, दुसरा मेंदू, डोळे, अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथी अशा बऱ्याच ठिकाणी. दुसरा प्रकार नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर लगेच मरतात.

आता, क जीवनसत्त्व साखरेच्या दारातूनही पेशीत जातं असं मी लिहिलं होतं, त्यावरच्या तुमच्या 'साखरेच्या दारातून जातं हे साफ खोटं' याबद्दल. इथे मात्र मी भांडणार. क जीवनसत्त्व जसंच्या तसं त्या दारातून जात नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण त्याचं ऑक्सिडीकरण झालं की डिहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल तयार होतं, आणि ते ग्लुट-१ मधून, म्हणजे ग्लुकोजच्याच दारातून, आत सरकतं. आत गेल्यावर पेशी त्याला लगेच पूर्ववत करते, त्यामुळे त्याच दाराने परत फिरता येत नाही. आपल्या तांबड्या पेशींवर एसव्हीसीटी नसतंच, त्यांची सगळी भिस्त या दारावर. माणूस, गिनीपिग अशा क स्वतः बनवू न शकणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींवर ग्लुट-१ भरपूर आढळतं, उंदराच्या नाही. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की हजार मिलिग्रॅमची गोळी घेतली तर बिघडलं कुठे. बहुतेकांचं पैशांखेरीज फारसं नाही. (मूतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.) पण दारं मोजकीच. २०० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस आतडं जवळपास पूर्ण शोषतं, हजाराच्या पुढे निम्माही नाही. जे रक्तात पोचतं त्यातलं जादाचं मूत्रपिंडं परत न घेता सोडून देतात, कारण तिथलीही दारं भरलेली. फेसाळती गोळी ग्लासात कितीही जोरात उसळली तरी आतड्यातली रांग तेवढीच.

मूळ लेखातलं ते वाक्य खोडून खाली 'एका वाचक बाईंनी चूक दाखवली' असं लिहिलंय. वाटीतलं तेल मात्र आईने फोडणीला घेऊ दिलं नाही.