दिव्यांग मुलाच्या बापास काही उपयुक्त सूचना

मूल हाकेला वळून बघत नाही, असं लक्षात आलं की आधी काहीही करू नका. गल्लीतली म्हातारी सांगेलच, ‘काही पोरे उशीरच बोलतस, त्याना मामाबी पाच वरीसले बोलना.’ मामाचा दाखला डॉक्टरच्या दाखल्याहून जुना असतो, तो मोडू नये. चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाऊन या, मनुदेवीला नवस बोला. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, केंद्राची मदत आहे, पण ती जन्मतः बहिऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आत. म्हणजे पाचवा वाढदिवस होईपर्यंत धीर धरलात की ऑपरेशनची दगदग आपोआप टळते.

तोवर पोराने हातवारे केले की त्याचे हात धरा. खुणांची सवय लागली तर तोंडाने बोलणारच नाही, असं छातीठोक सांगणारे भेटतात, आणि ते सगळे कानांनी धडधाकट असतात. असं केलं की पोर सहा वर्षांचं होईल तेव्हा त्याला अहिराणी येणार नाही, मराठी येणार नाही आणि खुणाही येणार नाहीत. शाळेत घालायला तयार.

शाळेआधी दिव्यांगत्वाचा दाखला. 40 टक्के ही रेघ लक्षात ठेवा, बहुतेक सवलती तिच्या पलीकडे आहेत. 39 भरले तर वाद घालू नका, पुढल्या वर्षी थोडं अधिक बहिरं होऊन या. तपासणीचा वार ठरलेला असतो. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला पोहोचेपर्यंत रांग संपली, तर तो दोष सातपुड्याचा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करायचा. कर्णबधिराला अडचण आली तर त्याने फोन करावा. अंधाने अडचण कळण्यासाठी सूचनाफलक वाचावा. व्यवस्था तशी चोख आहे, फक्त माणसं अदलाबदल झाली आहेत.

आता शाळा. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वयाच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि सांकेतिक भाषा व ब्रेल येणारे शिक्षक नेमा असंही त्याच कायद्यात आहे. हे वाक्य पाठ करा, पण शाळेत म्हणून दाखवू नका. दिल्लीत 2015 पासून भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था आहे, तिच्या शब्दकोशात 10,000 शब्द झाले. तुमच्या पोराच्या मास्तरांना त्यातले ‘बस’, ‘जेव’ आणि ‘गप’ येत असतील तर समाधान माना. बहिऱ्या पोराला ‘गप’ची खूण लागतेच कशाला, हा प्रश्न पालकसभेत विचारायचा नसतो. वसतिगृहात पोरं रात्री दिवा गेला की बोलायची थांबतात, हेही तिथल्या शिस्तीतच मोजलं जातं.

खरी बहार आहे व्यवसाय प्रशिक्षणात. अंध तरुणाला खुर्ची विणायला शिकवा. गावात वेताची खुर्ची उरली नसेल, सगळ्या लग्नात प्लास्टिकच्याच मांडल्या असतील, तरी शिकवा. मग मेणबत्त्या, मग खडू. खडू घेणाऱ्या शाळांत पांढरे फळे आणि मार्कर आले, हा खडूचा दोष नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 साली सुरू केलं. ते मराठीही वाचतं. पण ते फुकट मिळतं. फुकट म्हणजे खरेदी नाही, निविदा नाही, मग त्याचं उद्घाटन कसं करायचं? वेताच्या भाऱ्याला निदान पावती असते.

तरीही एखादा हट्टी निघतो. रावेर-यावलच्या केळीच्या वखारीत हिशेब बघतो, नाहीतर जळगावात खोली करून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागतो. त्याला सांगा की 1995 च्या कायद्यात नोकऱ्यांत 3 टक्के राखीव होत्या, आता 4 आहेत. त्यातला 1 टक्का अंध-अल्पदृष्टींचा आणि 1 कर्णबधिरांचा. मात्र पद आधी ‘सुनिश्चित’ व्हावं लागतं. म्हणजे अंधाला हे काम जमेल का, हे डोळस लोक बैठकीत ठरवतात. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. लेखनिक आयत्या वेळी आला नाही, तर ती 20 मिनिटं त्याची वाट बघायला वापरावीत.

3 डिसेंबरला पोराला घेऊन जिल्ह्याच्या गावी जरूर या. जागतिक दिव्यांग दिन असतो, भाषणं होतात, दुभाषा नसतो. पोराने टाळ्या कधी वाजवायच्या ते शेजारच्याकडे बघून शिकावं. ‘दिव्यांग’ म्हणताना पाहुण्यांचा गळा भरून येईल तेव्हा तुम्ही निधीचा विषय काढू नका. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते गेल्या वर्षी कशावर गेले, हे सरपंच आबांना विचारलंत तर पुढच्या वर्षी तुमच्या पोराचं नाव यादीत सापडायला जरा वेळ लागेल.

फारच तक्रार असेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्याला आहे. एसटीत 75 टक्के सवलत मिळते, कार्ड मात्र मूळ ठेवा. आणि सोबत डोळस, कानांनी ऐकणारा एखादा माणूस न्या. साहेब त्याच्याशीच बोलतात.