गोळ्या चालू असताना आलेली ‘पाळी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

गर्भनिरोधक गोळ्यांवरील माझ्या लेखावर आपण ठाण्याहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. ‘गोळ्या चालू असताना रक्तस्राव झाला तरी दिवस गेलेले असू शकतात’ हे माझे विधान बायकांना विनाकारण घाबरवणारे आहे आणि ते वाचून आपल्या वहिनींनी पाकीट अर्ध्यावर सोडून दिले, असा आपला मुख्य आक्षेप आहे. गोळ्यांवर असताना गर्भ राहिल्यास बाळात व्यंग येते, ही गोष्ट मी लपवली, असेही आपण म्हटले आहे.

वहिनींचा प्रश्न थांबण्यासारखा नाही, म्हणून तो आधी घेते. गोळ्या बंद करा असे माझ्या लेखात कुठेही नाही. पाकीट मध्येच सोडले की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि काही दिवसांत संरक्षणही जाते. तो रक्तस्राव पाहून ‘पाळी आली, आता काळजी नाही’ अशी समजूत करून घेणे हाच खरा धोका आहे. त्यांनी आजपासून निरोध वापरावा आणि मध्यंतरी संबंध आला असल्यास आजच डॉक्टरांशी बोलावे, कारण तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर घेतली जाईल तितकी उपयोगी पडते. अशा शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी करावी आणि दरम्यान अंगावरून गेले तरी ती टाळू नये.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ‘माला-एन’ किंवा ‘माला-डी’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांतील २१ गोळ्यांमध्ये संप्रेरके (हार्मोन) असतात आणि उरलेल्या ७ केवळ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की बाहेरून मिळणारी संप्रेरके अचानक थांबतात, गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि रक्तस्राव होतो. १९६० साली अमेरिकेत गोळी मान्य झाली तेव्हापासून चालत आलेले हे काही दिवसांचे अंतर शरीराच्या गरजेपोटी नव्हे, तर दर महिन्याला पाळीसारखे काहीतरी दिसत राहावे म्हणून ठेवलेले आहे. (स्त्रियांना दिलासा मिळावा म्हणून केलेली ही योजना पुढे अशी फसवी ठरेल, असे तेव्हा कुणाच्या मनात आले नसावे.) त्यामुळे हा रक्तस्राव झाला म्हणून गर्भ नाही असे ठरत नाही, आणि गोळ्या नियमित घेऊनही तो एखाद्या महिन्यात झाला नाही म्हणून गर्भ आहे असेही ठरत नाही, गोळ्यांमुळे अस्तर इतके पातळ होते की कधीकधी बाहेर पडण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

माझ्या ऐरोलीच्या दवाखान्यात आलेल्या एका बाईंचे उदाहरण, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, देते. महाप्यातील कारखान्यात त्या कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी करीत. रात्रीच्या जेवणानंतर गोळी घ्यायची त्यांची सवय पक्की होती. मात्र रात्रपाळीच्या आठवड्यात जेवण कारखान्यातल्या कँटीनमध्ये आणि पाकीट घरच्या कपाटात, असे होत असे. त्यांनी टेबलावर ठेवलेल्या पाकिटात पहिल्याच ओळीतल्या तीन गोळ्या तशाच होत्या. सोबत भिंतीवरच्या कालनिर्णयाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता, त्यात दोन्ही महिन्यांच्या तारखांना लाल पेनाने गोल केलेले होते. ‘पाळी आली होती, फक्त दोन दिवस डाग लागले,’ असे त्या सांगत होत्या. लघवीच्या तपासणीत दोन रेषा आल्या, म्हणजे दिवस गेले होते. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो, आणि तो नेमका लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात झाला की पाळी समजून सोडून दिला जातो.

गोळ्या अगदी काटेकोर घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्ष जगण्याच्या धबडग्यात घेणाऱ्या १०० जणींत मात्र सुमारे ७ जणींना जातात. म्हणून शंका आली की रक्ताकडे नव्हे, पाकिटाकडे पाहावे. एखादी गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यावी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा अधिक राहिल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा. हे सात दिवस पूर्ण होण्याआधीच संप्रेरकांच्या गोळ्या संपत असतील तर लोहाच्या गोळ्या वगळून नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यातल्या गोळ्या राहिलेल्या असताना संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल विचारावे. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन, तसेच आकडीवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात. ती चालू असतील तर दुसरे साधन हवे. पहिल्या तीन महिन्यांत मधूनच डाग लागणे नेहमीचे आहे आणि त्यासाठी गोळ्या सोडण्याचे कारण नाही, या आपल्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

गोळ्यांमुळे लघवीची तपासणी चुकत नाही, कारण ती एचसीजी हे वेगळेच संप्रेरक शोधते. त्यासाठीचे ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळते. तपासणीत गर्भ दिसला आणि सोबत ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणे किंवा चक्कर असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत (गर्भनलिकेत) असण्याची शक्यता असते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.

राहिला लपवाछपवीचा आरोप. गर्भ राहिल्याचे न कळल्याने काही आठवडे या गोळ्या घेतल्या गेल्या, तर बाळात व्यंग येण्याचा धोका वाढल्याचा पुरावा नाही. गर्भ आहे असे कळताच गोळ्या थांबवाव्यात, एवढेच. ज्यांना तो गर्भ नको आहे त्यांनी ‘व्यंग येईल’ या भीतीचा आधार शोधण्याची गरज नाही. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्यास २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची मुभा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीपासून ती अविवाहित स्त्रियांनाही लागू आहे. मात्र मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरीच गर्भपाताचा प्रयत्न करू नये. गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री आधी डॉक्टरांकडून करून घ्यावी, कारण नळीतल्या गर्भावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि त्यानंतर सुरू झालेला रक्तस्राव पाहून सगळे आटोपले असेच घरच्यांना वाटते.