शिबिराचा निकाल सहा महिन्यांनी लागतो

डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या शिबिरांबद्दल 'फोमवर टाके घालून सर्जन घडत नाहीत, आम्ही सरांच्या बाजूला उभे राहून शिकलो. गुणतक्ते म्हणजे नुसता कागदी कारभार,' असं तुम्ही लिहिलंय. पहिलं वाक्य मान्य. पण पहिली गाठ मारायला हात थरथरतो, तो आपल्या बाईमाणसाच्या पोटावर कशाला थरथरावा? अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या चाचणीत (२००२) सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी शस्त्रक्रियेवर, सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून सोडवायला २९ टक्के कमी वेळ घेतला, चुकाही कमी केल्या.

गुणतक्त्याचं म्हणाल, तर टोरोंटोत तयार झालेला 'ओसॅट्स' हा शस्त्रक्रियेतलं कौशल्य जोखणारा तक्ता तुमच्या सरांचीच नजर कागदावर उतरवतो: ऊती किती जपून हाताळली, हात उगाच किती फिरला, सहायकाला कामाला लावता आलं का. सर रागावायचे, पण नेमकं काय चुकलं हे किती जणांना कळायचं? लॉगबुकात केलेल्या केसेसचा आकडा असतो, त्यातून हात किती तयार झाला ते कळत नाही.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. शेवटच्या दिवशी जेवणाआधी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात आणि कार्यक्रम यशस्वी झाला म्हणतात. प्रशिक्षण कितपत उपयोगी पडलं हे जोखायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांतली ही पहिलीच. शिकलेलं कामात उतरलं का आणि रुग्णाचं काय झालं, या वरच्या पायऱ्यांवर कोणी चढतच नाही.

सीझरचंच बघा. सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांना सोळा आठवड्यांचं आपत्कालीन प्रसूतीचं प्रशिक्षण दिलं, आणि भूल देण्याचं वेगळं. दोघं एकाच रुग्णालयात हवेत. सीझर शिकलेला डॉक्टर इथे आणि भूल शिकलेला दुसऱ्या तालुक्यात, मग काय होणार? रेफर, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात धाडणं! रक्त नसलं तरी तेच. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेला तो डॉक्टर वर्षभर ब्लेड हातात धरत नाही, आणि शिकलेलं हातातून जातं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या शस्त्रक्रियाविषयक आयोगानं २०१५ साली सीझर, पोट उघडणं आणि उघड्या अस्थिभंगावरचे उपचार दोन तासांत मिळावेत, असं म्हटलं. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे हे दोन तास कुठून आणायचे?

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: सहा महिन्यांनी प्रशिक्षकानं त्या ग्रामीण रुग्णालयात जावं, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर उघडावं, भूल कोण देतं ते विचारावं, रेफर केलेल्या बायांची नावं वाचावीत. तुम्ही तालुक्यात इतकी वर्षं ऑपरेशनं करताय. ही तपासणी करायला माझ्यापेक्षा तुम्हीच योग्य, कराल का?