‘पहिलीच गाडी थेट ३९० घ्या’ म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला, अठरा पूर्ण झाली, की घरात गाडीची बोलणी सुरू होतात आणि त्याच सुमाराला मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. रील वेगवेगळी, मजकूर तोच: ‘स्पोर्ट्स बाईक घेताय ना? मग दीडशे-दोनशे सीसीवर पैसे घालवू नका, सहा महिन्यांत कंटाळाल. हायवेला ताकद लागतेच. थेट ३९० घ्या. मूठ आपल्याच हातात असते, एबीएस आहे, परदेशात हीच गाडी शिकाऊ पोरं चालवतात. आणि सेकंडहँड घेतलीत तर नव्या आर१५च्या पैशांत येते.’ सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की आईबाबाही गप्प बसतात.

ही ३९० म्हणजे केटीएमची आरसी ३९०, आपल्या चाकणच्या कारखान्यातली. आणि आर१५ म्हणजे यामाहाची दीडशे सीसीच्या वर्गातली स्पोर्ट्स बाईक. गाडी म्हणून तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. लर्निंग लायसन्स खिशात असलेल्या पोराने ती घ्यावी का, एवढाच वाद आहे.

‘मूठ आपल्याच हातात असते, पिळू नका म्हणजे झालं.’ सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात फसवाही हाच. नवा माणूस मूठ हौसेने पिळून पडतो असं थोडंच आहे? त्याच्याकडून ती पिळली जाते. सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर घ्या. पहिला गिअर, हाफ क्लच. पुढचं चाक चढलं की अंग मागे जातं. हँडल आवळून धरलेलं, कोपर ताठ, त्यामुळे अंगाबरोबर मनगटही मागे वळतं आणि रेस वाढते. गाडी उसळते, अंग आणखी मागे, रेस आणखी जास्त. यातून सुटायचं तर डाव्या हाताने क्लच दाबायचा, पण घाबरलेल्या माणसाची डावी मूठ हँडलची ग्रिप सोडायला तयार नसते. आता आकडे बघा. आर१५चा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, १४.२ न्यूटन मीटर, आरसी ३९०चा ३७. हीच चूक आर१५वर झाली तर गाडी बहुतेक वेळा आचके देत दोन हात पुढे जाते आणि पोरगं लाजून इकडेतिकडे बघतं. ३९० तेवढ्यात समोरच्या गाडीच्या बंपरला भिडलेली असते. कोपर सैल ठेवायची सवय लागली की हा प्रकार आपोआप थांबतो. प्रश्न ती सवय लागेपर्यंतच्या दिवसांचा आहे.

वजनाबद्दल तर रीलमध्ये कुणी अक्षर काढत नाही. आर१५ १४२ किलोची, आरसी ३९० १७२ किलोची. पळत्या गाडीवर हे तीस किलो जाणवत नाहीत. पार्किंगच्या उतारावरून गाडी मागे घेताना जाणवतात, तेही टाचा अधांतरी असतील तर फारच. सीटची उंची एकीची ८१५ मिलीमीटर, दुसरीची ८३५. त्यात स्पोर्ट्स गाडीचं हँडल कमी वळतं. अरुंद गल्लीत यू टर्न घेताना पाय टेकवला आणि तिथे खडी निघाली की गाडी आडवी. शिकाऊंच्या गाड्या बऱ्याचदा अशाच पडतात, चालण्याच्या वेगाला, चारचौघांसमोर.

‘लहान गाडीचा कंटाळा येतो.’ सरळ रस्त्यावर येतो, मान्य. तीच गाडी ताम्हिणीत न्या. आर१५च्या इंजिनात ७,४०० आरपीएमला व्हॉल्व्हची दुसरी मांडणी सुरू होते. त्याच्या खाली ती मवाळ असते, वर गेली की ओढायला लागते. म्हणून वळण यायच्या आधीच ठरवावं लागतं: तिसरा की दुसरा? गिअर चुकला तर वळणातून बाहेर पडताना गाडी रडते, आणि चूक कुणाची ते लगेच कळतं. ३९० असल्या चुका पोटात घालते. कुठल्याही गिअरमध्ये ठेवा, ओढून नेते. चालवणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. आर१५ची ताकद १८.४ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), ती पूर्ण मूठ पिळून काही सेकंद तरी चालवता येते. ४३ पीएसची ३९० घाटात तशी किती वेळ चालवाल?

आणि रोजचं जाणं-येणं तर घाटातलं नसतंच. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर वीसच्या वेगाने सरकताना ३९०चं एकच सिलिंडर तीन हजार आरपीएमच्या खाली आचके द्यायला लागतं. सारखा हाफ क्लच, पंखा सुरू, नडगीवर गरम हवा. कंटाळा म्हणायचा तर याला म्हणा.

‘हायवेला ताकद लागते.’ मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला मुळात बंदी आहे. बाकीच्या चौपदरी हायवेवर मोटारसायकलला केंद्राने २०१८ मध्ये घालून दिलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि तेवढं दीडशेची गाडी सहज पळते. हां, मागे माणूस आणि बॅग घेऊन खंबाटकी चढायचा असेल तर दीडशेला दम लागतो, हे खरं. तुमचं असं जाणं नेहमीचं असेल तर बजाजची पल्सर आरएस २०० किंवा सुझुकीची जिक्सर एसएफ २५० बघा. दोन्ही पंचविसेक पीएसच्या. तिथून थेट ३९०वर उडी कशाला?

‘एबीएस आहे.’ १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला आहे. यात ३९०चं विशेष ते काय? शिवाय एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पुढचा ब्रेक दाबायची भीती बसलेला आणि सगळी भिस्त पायाच्या ब्रेकवर ठेवणारा चालक त्याने सुधारत नाही. वळणावरच्या बारीक खडीवर टायरची पकड वाढवायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

‘परदेशात हीच गाडी शिकाऊंना देतात.’ हे अर्धंच सांगितलं जातं, म्हणून जरा सविस्तर. युरोपात ३९० बसते ती ए-टू वर्गात, जिथे मर्यादा ३५ किलोवॉटची आहे. ब्रिटनमध्ये त्या वर्गाचं लायसन्स एकोणिसाव्या वर्षाच्या आधी मिळत नाही आणि परीक्षा दिल्याशिवायही मिळत नाही. ‘एल’ पाटी लावून एकट्याने रस्त्यावर फिरायचं तर आधी सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण, आणि गाडी जास्तीत जास्त १२५ सीसीची, ११ किलोवॉटची. म्हणजे साधारण १५ पीएस. केटीएमचीच धाकटी आरसी १२५ पंधरा पीएसच्या आत का ठेवलेली, ते यावरून लक्षात येईल. त्या हिशेबाने आपली आर१५सुद्धा शिकाऊच्या हद्दीबाहेर जाते! आपल्याकडे अशी पायरीच नाही. आरटीओत स्प्लेंडरवर आठचा आकडा काढून दाखवला की दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी चालवायला कायद्याची हरकत नसते. कायद्याने पायरी घातलेली नाही, तेव्हा ती आपणच घालायची. परदेशाचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्यावा.

मग घ्यायची कुठली? माझं मत जिक्सर एसएफ १५०ला. ‘फेअरिंग (अंगावरचं प्लॅस्टिकचं आवरण) चढवलेली साधी गाडी’ म्हणून पोरं नाक मुरडतात, पण हँडल उंच, सीट ७९५ मिलीमीटरची, वजन १४८ किलो, आणि आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर ती मागे बसू शकते. आर१५च्या मागच्या सीटवर ती बसणार नाही. ओणवं होऊनच चालवायची हौस असेल तर मात्र आर१५ला तोड नाही.

राहता राहिला पैशांचा मुद्दा. ३५० सीसीची रेघ ओलांडली की खर्च बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या रेघेच्या आतल्या नव्या मोटारसायकलींना जीएसटी १८ टक्के, वरच्यांना ४०. थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरांनी दीडशेच्या वर ते साडेतीनशेपर्यंत वर्षाला १,३६६ रुपये, त्याच्या वर २,८०४. जीएसटीचा फरक सेकंडहँडला लागत नाही, विम्याचा लागतो. रुंद रेडियल टायर, चेन-स्प्रॉकेट, पडल्यावर फुटणारं फेअरिंग, यांची बिलंही ३९०चीच येतात.

आणि सेकंडहँड ३९० नव्या आर१५च्या भावात का मिळते, हेही विचारा. बऱ्याचदा आधीच्या मालकानेही ती पहिलीच गाडी म्हणून घेतलेली असते. बघायला गेलात तर ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोकं बघा, हँडलच्या बार-एंडवरचे ओरखडे बघा. ई-चलन थकलेली आहेत का, कर्जाचा बोजा उतरलाय का, हे पैसे देण्याआधी तपासा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही तुमच्यासमोर झाली पाहिजे. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, ते जिथे फ्रेमला जोडलेलं असतं तिथे, मानेपाशी बॅटरी मारा. हँडल अडवणारा फ्रेमवरचा स्टॉपर चेपलेला दिसला, म्हणजे गाडी जोरात आपटलेली असणार, तर पुढे भाव करत बसू नका.