पायाळू बाळ आणि पोट चोळण्याचा सल्ला: खुलासा

'बाळ पायाळू दिसलं तर घरीच तेल लावून पोट चोळून घ्या, सिझर टळेल,' असा मेसेज फिरतोय. (पायाळू म्हणजे पोटात डोक्याऐवजी कुल्ले किंवा पाय खाली असलेलं बाळ.) कृपा करून असं करू नका. चोळणाऱ्या आजींचा हात कितीही हलका असो, वार (बाळाला पोसणारी नाळेची गादी, प्लॅसेंटा) सुटून रक्तस्राव होऊ शकतो. सातव्या महिन्यात बरीच बाळं पायाळू असतात, बहुतेक आपणहून फिरतात. ३७व्या आठवड्याच्या सुमारासही फिरलं नसेल, तर डॉक्टर पोटावरून दोन्ही हातांनी बाळाचे कुल्ले वर सरकवत डोकं हळूहळू खाली आणतात. त्याआधी सोनोग्राफी, आधी-नंतर बाळाचे ठोके, आणि ऑपरेशन थिएटर हाताशी. साधारण निम्म्या वेळा जमतं. सगळ्यांना हे चालत नाही. वार खाली असेल तर मुळीच नाही. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आई-बाळाचे रक्तगट न जुळल्याने होणारा त्रास टाळणारं) आवर्जून विचारा.