‘निम्मा लेख तर गाडीचाच!’ काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(टेलिफोन खात्यातून रिटायर झालोय असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, चालेल ना?) तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी डोकंच फिरलं. मग सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा बराचसा राग उतरला, कारण सगळ्यात मोठा मुद्दा तुमचा बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: काकांचं म्हणणं असं की ब्लेचली पार्कच्या (दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जिथे जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचे ती जागा, आता म्युझियम) ट्रिपवरचा निम्मा लेख मी गाडी, स्टेशन आणि डब्यातल्या थालीपिठांवर घालवला, उरलेल्यात नुसतं ट्युरिंग ट्युरिंग (तिथला प्रसिद्ध गणितज्ञ) केलं, पोलंडवाल्यांची एका ओळीत बोळवण केली, आणि ‘कोलोससने एनिग्मा फोडला’ (कोलोसस हे ब्लेचलीतलं मशीन, एनिग्मा हे जर्मनांचं संदेश गुप्त करायचं मशीन) हे तर धडधडीत चूक लिहिलं. वर ‘जरा वाचून तरी लिहीत जा’ हा टोला.

तर आधी चूक. कोलोससचा एनिग्माशी संबंध नाही, शंभर टक्के माझी चूक, लेखात दुरुस्त केलीये. एनिग्मासाठी ‘बॉम्ब’ नावाची मशीनं होती, ती ट्युरिंग आणि तिथल्याच वेल्चमनची. कोलोसस होता लॉरेन्झसाठी, म्हणजे जर्मन हायकमांडच्या टेलिप्रिंटरवरचे संदेश गुप्त करणारं मशीन, त्याला १२ चाकं. आता चूक झाली कशी, तर आम्ही कोलोसस पाहिलाच नव्हता! तो आहे ब्लॉक एचमध्ये, कॉम्प्युटिंगच्या वेगळ्या म्युझियममध्ये, त्याचं तिकीट वेगळं, आणि आम्ही हट ८ मध्ये (हट म्हणजे तिथल्या कामाच्या लाकडी शेड) इतका वेळ काढला की तिकडे जायचं राहूनच गेलं. मग घरी येऊन आठवणीतून लिहिलं आणि दोन मशीनांची खिचडी झाली. न पाहिलेल्या गोष्टीवर ठोकून लिहिलं, हा तुमचा आरोप मान्य.

त्या निमित्ताने दोन रात्री वाचत बसलो आणि आता वाटतंय की लेख खरं तर यावरच व्हायला हवा होता. ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन ऑपरेटरने अथेन्सहून व्हिएन्नाला लॉरेन्झवरून चारेक हजार अक्षरांचा संदेश पाठवला, पलीकडचा म्हणाला नीट आला नाही, परत पाठव. याने कंटाळून त्याच सेटिंगवर परत टाइप केला, वर काही शब्द शॉर्टमध्ये. बस्स, तेवढ्यावर ब्लेचलीच्या टिल्टमनने दोन्ही संदेश सोडवले आणि तिथल्याच बिल टटने, मशीन डोळ्यांनी न बघता, त्याची आतली रचना कागदावर मांडली. मशीन प्रत्यक्ष बघायला मिळालं ते पार युद्ध संपत आल्यावर.

आणि मग तुमच्याच बिरादरीतला माणूस, टॉमी फ्लॉवर्स. पूर्व लंडनच्या गवंड्याचा मुलगा, डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस रिसर्च स्टेशनमधला टेलिफोन इंजिनिअर. लॉरेन्झ फोडायच्या आधीच्या मशीनमध्ये कागदाच्या दोन टेप एकमेकींशी जुळवून पळवाव्या लागायच्या आणि त्या ताणायच्या, फाटायच्या. हा म्हणाला, एक टेप काढूनच टाकू, तिचं काम व्हॉल्व्हकडून (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) करून घेऊ. दीड हजारांच्या वर व्हॉल्व्ह! ब्लेचलीतल्या बऱ्याच जणांना वाटलं रोज दहा-वीस उडणार, हे चालायचं नाही. पण याला एक्स्चेंजच्या कामामुळे माहीत होतं की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा चालू-बंद करताना जातात, एकदा लावले आणि बंदच केले नाहीत तर टिकतात. हाच कोलोसस. १९४४ च्या सुरुवातीला मशीन ब्लेचलीत आलं, सेकंदाला ५००० अक्षरं वाचायचं. युद्ध संपेपर्यंत अशी दहा झाली. नंतर बहुतेक मोडून टाकली, फ्लॉवर्सला ड्रॉइंग जाळायला सांगितली आणि त्याने ती बॉयलरमध्ये घातली. बक्षीस १००० पौंड, त्याने पदरचे घातलेले पैसेही त्यात पुरते निघाले नाहीत म्हणतात. असल्या माणसाला मी अर्धी ओळ दिली होती, तेव्हा तुम्ही चिडलात ते योग्यच.

पोलंडचंही मान्य. पोलंडच्या रेयेव्स्की या गणितज्ञाने १९३२ मध्येच एनिग्माची आतली जोडणी गणिताने काढली होती आणि जुलै १९३९ मध्ये, युद्धाला जेमतेम पाच आठवडे असताना, वॉर्सॉजवळच्या जंगलात त्यांनी ते सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हातात ठेवलं. ब्लेचली पार्कच्या तबेल्याच्या अंगणात त्यांचं स्मारक आहे, त्याचा मी फोटो तेवढा टाकला होता.

पण गाडीचं मात्र ऐकणार नाही हं काका. म्युझियमला जाताना वेळ घालवायला म्हणून गाडीवर लिहिलेलं नाहीये ते. ब्लेचली पार्क तिथे आहे ते गाडीमुळेच! लंडनची मेन लाइन आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज लाइन ब्लेचलीला भेटायच्या, म्हणजे आपलं मनमाड किंवा दौंड म्हणा, आणि गणितवाली पोरं दोन्ही युनिव्हर्सिटींतून थेट येऊ शकायची. स्टेशनातून बाहेर पडलं की चालत पाच मिनिटं. आणि हे तुम्हाला आवडेल, जवळच फेनी स्ट्रॅटफर्डला टेलिफोनचं रिपीटर स्टेशन (लांबच्या लाइनवरचा आवाज वाढवून पुढे पाठवणारं) होतं, तेही जागा निवडायचं एक कारण. आज केंब्रिजहून थेट गाडी नाही, ती लाइन साठच्या दशकाअखेर मधूनच तोडली, म्हणून माझा तिकडचा मित्र लंडनला वळसा घालून आला आणि सगळी थालीपिठं गार झाली. हे लिहायचं नाही तर काय लिहायचं?

हट ६ आणि हट ३ मधल्या लाकडी बोगद्याचं वर्णनही तुम्हाला ‘पोरकट’ वाटलं. एका हटमध्ये संदेश फोडायचे, दुसऱ्यात भाषांतर, आणि मधून कागदांचा ट्रे झाडूच्या दांड्याने ढकलायचे! माझ्या मुलाला अख्ख्या दिवसात तेवढंच लक्षात राहिलंय, आणि मलाही, तर असू दे.

ब्लेचली पार्कचं तिकीट वर्षभर चालतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात परत जातोय, या वेळी आधी ब्लॉक एच. तोवर एक सांगा, तुमच्या वेळी कॅरियर रूममध्ये (लांबच्या कॉलची यंत्रं असायची ती खोली) व्हॉल्व्हचे सेट असतील तर ते रात्री बंद करायचात की चालूच ठेवायचात?