प्राण यांना ड्रॉइंग येत नव्हतं, हे साफ चुकीचं आहे

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. एका बाजूला चाचा चौधरी, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा कुठलातरी बॉडीबिल्डर सुपरहिरो, आणि खाली लिहिलंय की चाचा चौधरी काढणारे कार्टूनिस्ट प्राण यांना ड्रॉइंग येतच नव्हतं, आयडिया बाहेरून ढापलेली आणि जन्मभर एका चाचावरच भागवलं. आपलीच माणसं हे पुढे ढकलताहेत म्हणून वाईट वाटलं आणि लिहायला बसलो.

आधी ते ढापलेलं बघू. राज्यशास्त्रात एमए झालेल्या या माणसाने १९६० मध्ये दिल्लीच्या 'मिलाप' पेपरात 'डब्बू' ही चित्रपट्टी सुरू केली. तेव्हा आपल्याकडे फँटम, मँड्रेक अशा बाहेरच्याच पट्ट्यांचा जोर होता. त्यात पुढे 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी अंकात यांनी हिरो कोण आणला, तर पांढऱ्या मिशांचा, लाल पागोटं, जाकीट आणि हातात काठी असलेला म्हातारा! असा म्हातारा रावेर-यावलकडे कुठल्याही पारावर बसलेला दिसेल. ताकद सगळी त्याच्या साथीदाराकडे, धिप्पाड साबूकडे, तो गुरू ग्रहावरचा, पण डोकं चाचाचं, आणि घरात चाचाची बायको बिनी चाची हिच्या लाटण्यापुढे दोघंही गप्प. हे कुठून ढापणार सांगा ना भो?

आता ड्रॉइंग. मागे बॅकग्राउंड नसतं, चेहरे सोपे, हे खरंय, पण म्हणून येत नव्हतं असं कसं म्हणता? ही कॉमिक्स स्वस्त कागदावर छापली जायची, रंग कधीकधी रेषेबाहेर सरकायचा, आणि वाचणारं पोरगं नुकतंच अक्षर जुळवायला शिकलेलं, आपल्याकडे तर मराठी शाळेतलं पोरगं भाड्याने आणलेलं हिंदी कॉमिक वाचतंय, त्याला बारीक शेडिंग आणि गच्च भरलेलं चित्र दिलं तर ते कुठे बघणार? म्हणून जाड स्वच्छ बाह्यरेषा, माणूस बहुतेक वेळा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतो, कोण बोलतंय ते लगेच कळतं. चाचा आणि साबू एका चौकटीत आले की नीट बघा, एक जेमतेम गुडघ्याएवढा आणि एक वरच्या रेघेला टेकलेला, तरी नजर आधी त्या लाल पागोट्यावरच जाते. हे आपोआप होत नाही. आणि प्राण यांचंच दुसरं पात्र, बिल्लू नावाचं पोरगं, त्याचे डोळे कायम केसांखाली झाकलेले! डोळे न दाखवता पोरगं लबाडी करतंय की घाबरलंय हे नुसत्या तोंडाच्या रेघेवर आणि उभं राहण्यावर कळवायचं, ज्याला हे सोपं वाटतं त्याने पेन्सिल घेऊन करून बघावं. नंतरच्या काही गोष्टी ढिल्या आहेत, हे मीही म्हणेन, पण तो गोष्टीचा दोष, हाताचा नाही.

एकट्या चाचावर भागवलं हे तर सरळ खोटं. श्रीमतीजी आहे, बिल्लू आहे, खारीला घेऊन शेजारच्या झपटजींना हैराण करणारी पिंकी आहे, ऑफिसात पिचलेला कारकून रमन आहे. रमनच्या 'हम एक हैं' या एकात्मतेवरच्या कॉमिकचं प्रकाशन १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी केलं होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्राण गेले, २०१५ ला मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तो फॉरवर्ड तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, आणि घरात माळ्यावर प्राण यांची कॉमिक्स छापणाऱ्या डायमंड कॉमिक्सचं एखादं जुनं पुस्तक पडलेलं असेल तर त्यातल्या एका पानाचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाका.